माळाची माती : एकराचे माप आणि खोलीचे माप

भूमिहीनांना कसायला जमीन मिळाली पाहिजे, ही मागणी दलित चळवळीइतकीच जुनी आहे. वतनाच्या गुलामगिरीतून महारांना सोडविण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. पुढे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. लाखांवर माणसे तुरुंगात गेली. मराठवाड्यात गायरानाच्या तुकड्यासाठी आपल्या माणसांनी मार खाल्ला, बहिष्कार सोसले. या लढ्यांचा इतिहास लिहिला गेला आहे आणि तो आणखी लिहिला गेला पाहिजे. परंतु ज्या जमिनीसाठी हे सारे झाले ती जमीन मुळात आहे कशी, तिच्यात पाणी किती मुरते, किती टिकते, तिच्यावर काय उगवते नि काय उगवत नाही, याविषयीचे लिखाण माझ्या तरी वाचनात फार थोडे आले. प्रस्तुत लेख त्या बाजूचा आहे.

मी वसईच्या परिसरातील महाविद्यालयात भूगोल शिकवते. माझ्या वर्गात चिंचोटी, कामणच्या बाजूच्या पाड्यांवरून येणारी मुले-मुली आहेत. माझे स्वतःचे घराणे बालाघाटच्या पायथ्याचे, बीड जिल्ह्यातले. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. आमच्या आजोबांनी गायरानातला एक तुकडा आयुष्यभर कसला. त्यामुळे कोकणातली वरकस आणि मराठवाड्यातला माळ या दोन्हींशी माझा संबंध आला. एका ठिकाणी पाऊस दोन हजार मिलिमीटरहून अधिक, तर दुसऱ्या ठिकाणी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. तरीही दोन्हीकडच्या उतारावरच्या मातीचे दुखणे एकच आहे. ते दुखणे खोलीचे आहे. जमीन आपण लांबी-रुंदीने मोजतो आणि तिला एकर म्हणतो. पीक मात्र लांबी, रुंदी आणि खोली अशा तिन्ही मापांत उगवते. या तिसऱ्या मापाचा हिशेब भूमिहीनांच्या बाबतीत कोणी ठेवला नाही, हे मला येथे सांगायचे आहे.

माळ म्हणजे काय

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरले, थंड झाले आणि त्यांतून हे पठार झाले. हे थर सारखे नाहीत. काही घट्ट आहेत, पहारीला ठिणगी उडवणारे. काही सच्छिद्र नि ठिसूळ, ज्यांना विहिरी खणणारे मांजऱ्या म्हणतात. ऊन, पाऊस आणि झाडाची मुळे यांच्या माऱ्याने खडक झिजतो, त्याचा मुरूम होतो, आणि मुरमाची माती होते. हे काम इतके सावकाश चालते की बोटभर जाडीचा थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात.

सपाटीवर झालेली माती जागच्या जागी राहते. उतारावर मात्र ती तयार होताच पावसाबरोबर खाली निघते. म्हणून डोंगराच्या अंगाला नि पायथ्याच्या माळाला वीतभर माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली खडक, अशी रचना आढळते. याच जमिनीला कोठे मुरमाड म्हणतात, कोठे बरड, कोठे खडकाळ, कोठे नुसते माळ. कोकणात डोंगरउताराच्या अशा जमिनीला वरकस हा शब्द आहे. मृदाशास्त्रज्ञ साधारणपणे पंचवीस सेंटिमीटरच्या आतल्या मातीला फार उथळ, पन्नासच्या आतल्या मातीला उथळ आणि मीटरभराच्या पुढच्या मातीला खोल असे म्हणतात. शेतकऱ्याची हलकी, मध्यम, भारी ही विभागणी त्याहून फार वेगळी नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. नदीकाठची भारी काळी आणि डोंगरालगतचा हलका माळ या दोन स्वतंत्र वस्तू नव्हेत. खालच्या काळीचा बराचसा भाग हा वरच्या डोंगराचीच वाहून आलेली माती आहे. बारीक, चिकण कण पाण्याबरोबर दूर जातात नि सखल भागात साचतात. जाड वाळू, खडे नि दगड वर राहतात. वरची जमीन गरीब होत जाते तेव्हाच खालची श्रीमंत होत जाते. गावाच्या शिवारात ही देवघेव हजारो वर्षे चालू आहे, आणि ती एकाच दिशेने चालते.

पाण्याचा हिशेब

उथळ माती नापीक का, याचे सर्वसाधारण उत्तर 'तिच्यात कस नाही' असे दिले जाते. हे उत्तर अर्धवट आहे. काळ्या पाषाणापासून झालेल्या मातीत खनिज द्रव्यांचा अगदीच दुष्काळ नसतो. माळावर नत्र नि कुजलेला पालापाचोळा कमी असतो हे खरे. तो शेणखताने भरून काढता येतो. माळाचे मुख्य दुखणे हे की त्याच्या पोटात पाणी ठेवायला जागा नाही.

याचा हिशेब सोपा आहे. मध्यम पोताची माती पिकाला घेता येईल असे पाणी दर सेंटिमीटर जाडीमागे सुमारे दीड मिलिमीटर धरून ठेवते. माळाची माती वीतभर, म्हणजे बावीस सेंटिमीटर धरू. तिच्यात तिसरा हिस्सा दगड-गोटे असतील तर खरी माती पंधरा सेंटिमीटरच उरली. तिच्यात पाणी राहील बावीस-तेवीस मिलिमीटर. भर वाढीतले पीक दिवसाला चार ते पाच मिलिमीटर पाणी घेते. म्हणजे कितीही मुसळधार पाऊस पडून गेला तरी माळावरच्या पिकाजवळ साधारण पाच दिवसांची शिदोरी असते. सहाव्या दिवशी ते पावसाची वाट पाहू लागते. उलट मीटरभर खोल काळ्या जमिनीत दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी साठते. तिथले पीक महिनाभर आभाळाकडे न पाहता उभे राहू शकते. मुरमाच्या भेगांत उतरलेले थोडे पाणी माळाच्या पिकाला मिळते, परंतु बाजरी-मुगाच्या मुळांना तिथवर पोचायला वेळ मिळत नाही.

आता दुष्काळी भागातील पावसाची रीत पाहा. मृगात नि आर्द्रात पाऊस येतो, पेरणी होते, आणि जुलै-ऑगस्टात दोन-तीन आठवड्यांची उघडीप पडते. ही उघडीप काही अपवाद नव्हे. अवर्षणप्रवण पट्ट्यात ती जवळजवळ दरसाल ठरलेली आहे. एकाच गावात, एकाच पावसात, खालच्या शिवारातले पीक तगते आणि वरच्या माळावरचे करपते, याचे कारण या दोन आकड्यांत आहे. आमचे आजोबा म्हणत, "माळाला पाणी पाजावं लागतंय, काळीला नुसतं दाखवलं तरी भागतंय." मृदाशास्त्राचे एक प्रकरण त्या वाक्यात मावते.

दुसरा परिणाम याहून खोल आहे. खोल जमिनीत पावसाळ्यानंतरही ओल शिल्लक असते, म्हणून तिथे रब्बीची ज्वारी, करडई, हरभरा येतो. म्हणजे त्या जमिनीच्या मालकाला वर्षात दुसरी संधी मिळते. खरीप गेला तरी रब्बी हाती लागू शकतो. माळाला रब्बी नाही. दसरा-दिवाळीपर्यंत तिथली ओल संपते, आणि तिच्याबरोबर गावातले कामही. बीड जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला कधी निघतात ते पाहावे : साधारण याच सुमारास. कोयता घेऊन निघालेल्या त्या माणसांत अनेक जातींचे लोक आहेत, आणि त्यांच्या स्थलांतराची कारणेही अनेक आहेत. परंतु मातीतली ओल संपण्याचे नि माणसाने गाव सोडण्याचे वेळापत्रक इतके जुळते, ते उगीच नव्हे.

चिंचोटीचा डोंगर

दुष्काळ म्हणजे पावसाचा अभाव, असे आपण धरून चालतो. चिंचोटीचा डोंगर हा समज खोडून काढतो. मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत तुंगारेश्वरच्या रांगेत हे गाव आहे. पावसाळ्यात तेथील धबधबा पाहायला मुंबईची माणसे गर्दी करतात. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे जितका पाऊस पडतो तितका बालाघाटाच्या पायथ्याला तीन वर्षांतही पडत नाही. तरीही पावसाळा सरला की धबधब्याचा जोर ओसरू लागतो, उतारावरचे गवत पिवळे पडते, आणि उन्हाळ्यात वरच्या पाड्यांवरील बायकांना पाण्यासाठी दूरवर चालावे लागते.

असे का व्हावे? हिशेब पुन्हा तोच. उतारावरची माती वीत-दीड वीत. ती वीस-तीस मिलिमीटर पाण्याने भरते. त्यापुढचा पाऊस, मग तो शंभर मिलिमीटर असो की दोन हजार, तिला घेता येत नाही. थोडे पाणी खडकाच्या भेगांत उतरते, उरलेले ओढ्याने खाडीकडे जाते. धबधबा सुंदर दिसतो खरा. पण तो म्हणजे डोंगराने न घेतलेले पाणी आहे. वाटी लहान असेल तर ती नळाखाली धरली काय नि समुद्रात बुडवली काय, पाणी वाटीभरच येणार.

म्हणूनच वरकस जमिनीवर वारली, कातकरी, महादेव कोळी, मल्हार कोळी ही माणसे पिढ्यान्पिढ्या नाचणी, वरी यांसारखी थोड्या मातीत येणारी पिके घेत आली. तीन-चार वर्षे पीक घ्यायचे, मग जमीन विसाव्याला सोडायची, ही त्यांची रीत होती. विसाव्याच्या वर्षांत गवत नि झुडपे माती धरून ठेवीत, पालापाचोळा भरीत. तुकडा कायमचा आखून दिला गेला, भोवतालचे जंगल बंद झाले, आणि विसावा संपला. तेव्हा उतारावरची माती अधिक वेगाने निघाली. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसणाऱ्याला पट्टा दिला, ही मोठी गोष्ट झाली. त्या पट्ट्यावरही क्षेत्र लिहिलेले असते. खाली माती किती आहे हे लिहिलेले नसते.

सोळा आण्यांची नि दोन आण्यांची जमीन

कोणी म्हणेल, जमिनीची खोली मोजणे हे आजचे शास्त्र आहे. जुन्या काळी सरकारला ते कसे कळावे? वस्तुस्थिती अशी नाही. इंग्रज सरकारने आपल्या भागात खोली जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी मोजली आहे. १८३५-३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी जमीन महसुलाची नवी मोजणी सुरू केली. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के झाले आणि मुंबई इलाख्यात तीच पद्धत पसरली.

या पद्धतीत शेतात ठिकठिकाणी खोदून मातीची खोली हाताने मोजली जाई. हात म्हणजे दोन विती, सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर. मातीच्या पोतावरून तीन प्रती आणि खोलीवरून नऊ वर्ग ठरविले होते. उत्तम काळी माती पावणेदोन हात खोल असेल तर ती सोळा आण्यांची. पाव हात खोलीची हलकी मुरमाड जमीन ही शेवटच्या वर्गातली, दोन आण्यांची. दगड, चुनखडी, उतार असे दोष आढळले तर वर्ग आणखी खाली उतरे. म्हणजे एक एकर आणि दुसरा एकर यांत आठपट अंतर असू शकते, हे सरकारी दप्तराला तेव्हाच मान्य होते. माणसाच्या हातात एक एकर आहे की एक एकराचा आठवा हिस्सा आहे, हे त्या दप्तरात वाचता येत होते.

गावाच्या शिवेची साक्ष महाराची, ही जुनी रीत. शिवेवरून तंटा झाला की महार सांगेल ती शीव. ज्याला शिवारातला प्रत्येक बांध ठाऊक, त्याच्या स्वतःच्या वाट्याला कोणती जमीन होती? वतनाची हाडकी-हाडोळ्याची. काही गावांत हे हाडोळे चांगल्या काळीत होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे; आणि चांगले होते म्हणूनच त्यांतले कित्येक पुढे दुसऱ्यांच्या ताब्यात गेले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने नाहीशी झाली. त्यानंतर भूमिहीनांपुढे जमीन म्हणून जे उरले ते बहुतांशी गावाच्या कडेचे होते.

माळ कोणाच्या वाट्याला

महसूल घेताना सरकारने खोली मोजली. जमीन देताना मात्र एकर मोजले. हे वाक्य कठोर वाटेल, म्हणून एकेक उदाहरण पाहू.

१९५१ साली भूदान सुरू झाले. दानात आलेल्या जमिनीपैकी मोठा भाग लागवडीस अयोग्य होता, हे आता सर्वमान्य आहे. १९६१ च्या महाराष्ट्र कमाल जमीनधारणा कायद्याने पाण्याच्या सोयीप्रमाणे निरनिराळ्या मर्यादा ठरविल्या. पुढील दुरुस्तीनंतर त्या बारमाही बागायतीला अठरा एकर तर जिरायतीला चोपन्न एकर अशा झाल्या. म्हणजे एकर आणि एकर सारखे नसतात हे कायद्याला कळत होते. पण जिरायतीच्या आत भारी आणि मुरमाड यांत भेद नव्हता. ज्याला जमीन सोडायची होती त्याने कोणती सोडली असेल, हे समजायला भूगोलाचे शिक्षण लागत नाही.

मग गायराने. गावाच्या गुरांना चरण्यासाठी राखलेली ही जमीन बहुधा माळावरचीच असते, कारण काळी जमीन गुरांसाठी कोण राखणार? भूमिहीनांनी ती फोडली, दगड वेचले, कुसळाच्या जागी बाजरी आणली. राज्य शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरविले. पुष्कळांची नावे तरीही सातबाऱ्यावर चढली नाहीत. ती अतिक्रमणाच्या नोंदवहीत, गाव नमुना एक-ई मध्येच राहिली. सातबारा नाही म्हणजे पीककर्ज नाही, बांधबंदिस्तीचे अनुदान नाही, विहीर नाही. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. त्याच निकालात भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासनाच्या अधिसूचनेखाली दिलेल्या जमिनींचा अपवाद म्हणून उल्लेख आहे. निकालाचा आदेश सर्वांना ठाऊक असतो, हा अपवाद फार थोड्यांना. तो पाठ असला पाहिजे.

दादासाहेबांच्या नावाने २००४ साली सुरू झालेल्या सबळीकरण योजनेत भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची तरतूद आहे. डोंगरउताराची, खडकाळ जमीन या योजनेत खरेदी करू नये, असे तिच्या सुधारित नियमांत बजावले आहे. हे चांगलेच आहे. पण 'खडकाळ' हा शब्द मोघम आहे. विकणाऱ्याचा खडकाळ वेगळा, अधिकाऱ्याचा वेगळा, कसणाऱ्याचा वेगळा. हाताचे माप लावले तरच तो सर्वांचा एक होतो.

बाबासाहेबांनी १९१८ सालीच भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला होता. धारण किफायतशीर आहे की नाही हे नुसत्या क्षेत्रावरून ठरत नाही, तर त्या क्षेत्राबरोबर भांडवल, अवजारे, श्रम इत्यादी साधने कोणत्या प्रमाणात आहेत यावरून ठरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्या विचाराच्या उजेडात पाहिले तर माळाचा प्रश्न स्पष्ट होतो. खोली ही जमिनीची निसर्गदत्त पुंजी आहे. ज्याला कमी खोलीची जमीन मिळाली त्याला पुंजीशिवाय धंदा दिला गेला. ती तूट बाहेरून भरून काढली नाही तर चार एकरही अपुरे, आणि मग माणसाला आळशी ठरविणे सोपे.

माळाचे काय करता येते

माळ निकामी आहे, हा निष्कर्ष यातून काढू नये. तो चुकीचा आहे आणि घातकही आहे. माळाचे मूळचे पीक गवत. पवन्या, मारवेल अशी सकस गवते या मातीत सहज वाढतात. वर्षभर गुरे-शेळ्या चरत राहिल्या की ही गवते बी धरण्याआधीच संपतात आणि निकृष्ट कुसळ तेवढे माजते. पावसाळ्याचे तीन-चार महिने चराई थांबवली तर दोन-तीन वर्षांत गवत परत येते, आणि गवताबरोबर माती थांबते.

दगडांविषयीही एक गैरसमज आहे. सगळे दगड वेचून काढले म्हणजे जमीन सुधारली, असे नव्हे. पृष्ठभागावरचे लहान दगड पावसाच्या थेंबाचा मारा स्वतःवर घेतात, मातीला उन्हापासून झाकतात, ओल टिकवतात. नांगराला अडणारे मोठे दगड तेवढे काढावेत आणि त्यांची उताराला आडवी ताल घालावी. तालीमागे दरसाल माती साचते. पाच-दहा वर्षांत तिथे वितीची दोन वीत होते. गायरानावर आपल्या आयाबायांनी हे काम कोणी न शिकवता केले आहे. त्यांनी जमीन नुसती ताब्यात घेतली नाही, ती जमीन घडवली. अतिक्रमण या शब्दात हे श्रम कोठेच दिसत नाहीत.

पिकांत हुलगा, मटकी, बाजरी, राळा ही लवकर येणारी किंवा ताण सोसणारी धान्ये माळाला मानवतात. त्याहून मोठा आधार झाडांचा आहे. सीताफळ, बोर, आवळा यांची मुळे मुरमाच्या भेगांतून खोल जातात. ज्या पाण्यापर्यंत बाजरी पोचत नाही तिथवर ही झाडे पोचतात. बालाघाटच्या डोंगरातले सीताफळ असेच वाढलेले आहे, आणि बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

खोली बाहेरून आणताही येते. २०१७ साली राज्यात धरणे-तलावांतला गाळ काढून शेतात टाकण्याची योजना सुरू झाली. हा गाळ म्हणजे डोंगराचीच गेलेली माती. पण एका एकरावर दहा सेंटिमीटर जाडीचा थर द्यायचा तर सुमारे चारशे घनमीटर गाळ लागतो; ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने सव्वाशे-दीडशे खेपा. वाहतुकीचा हा खर्च सुरुवातीला शेतकऱ्यानेच करायचा होता. ज्याच्याजवळ ट्रॅक्टर नि पैसा, त्याच्या शेतात गाळ गेला. वरून वाहून गेलेली माती पुन्हा वर न येता बाजूच्याच काळीत पडली.

पाणलोट विकासाचीही अशीच गोम आहे. डोंगरावर चर खणायचे, चराई बंद करायची. पाणी मुरते आणि खालच्या विहिरी भरतात. शेळ्या विकाव्या लागतात त्या भूमिहीन बाईला, नि उसाला पाणी मिळते ते विहीर असलेल्याला. हे टाळता येते, याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे देवस्थानाची सोळा हेक्टर उघडीबोडकी उताराची जमीन कराराने घेऊन माती-पाणी अडवून दाखवले. त्यातून निघालेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा वाटा जमिनीच्या क्षेत्रावर न ठेवता कुटुंबातील माणसांवर ठेवला. भूमिहीनालाही वाटा दिला, आणि उसाला पाणी नाकारले. हरियाणातील सुखोमाजरी गावानेही त्याच सुमारास टेकडी राखण्याच्या बदल्यात प्रत्येक घराला पाण्यात हक्क दिला. डोंगर जो राखतो त्याचा डोंगराच्या पाण्यावर हक्क, हे तत्त्व यात आहे.

मागणी काय असावी

शास्त्राची माहिती मागणीला धार देत नसेल तर ती परीक्षेपुरतीच राहते. म्हणून काही गोष्टी स्पष्टपणे मांडते.

जमीन स्वीकारण्यापूर्वी ती खोदून पाहावी. याला यंत्र लागत नाही. तुकड्याच्या वरच्या, मधल्या नि खालच्या अंगाला मिळून पाच-सहा ठिकाणी पहारीने खड्डा घ्यावा, मुरूम लागेपर्यंतची खोली मोजावी, काढलेल्या मातीत दगड किती ते पाहावे, आणि हे पंचांसमोर लिहून घ्यावे. उभे गवतही सांगते : कुंदा नि हरळी माजलेली दिसली तर खाली माती आहे, नुसते कुसळ असेल तर सावध व्हावे.

शासनाने भूमिहीनाला दिलेल्या प्रत्येक जमिनीच्या आदेशावर क्षेत्राबरोबर खोली लिहिली जावी, आणि खोली कमी असेल त्या प्रमाणात क्षेत्र वाढावे किंवा ताली, गाळ नि विहीर यांचा खर्च शासनाने द्यावा. महसुलासाठी सोळा आणे आणि दोन आणे हा भेद ज्या दप्तराने केला, त्याला न्यायासाठी तो करणे अशक्य नाही. गायरान कसणाऱ्यांची नोंद एक-ई मधून सातबाऱ्यावर यावी, म्हणजे त्यांनी घडवलेली माती त्यांच्या नावावर लागेल.

शेवटी, 'पडीक' आणि 'निकामी' या शब्दांपासून सावध राहावे. जी जमीन निकामी म्हणून भूमिहीनाला सोडली जाते, तीच निकामी म्हणून त्याच्याकडून काढूनही घेतली जाते. भरावासाठी मुरूम हवा की माळ खरवडला जातो. २०२३ पासून सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी शासकीय जमिनी दिल्या जात आहेत, त्यांत गायरानेही आहेत. सूर्यापासून वीज व्हावी, याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. पण पट्टे बसविण्यापूर्वी त्या माळावर कोणाच्या शेळ्या चरतात, कोणाची बाजरी उभी आहे, कोणी किती ताली घातल्या आहेत, याचा पंचनामा झाला पाहिजे. मुरूम एकदा खरवडला की तिथे माती पुन्हा व्हायला शेकडो वर्षे जातील. ती वीतभर माती कोणाच्या श्रमाने जागेवर राहिली, हे आज लिहून ठेवणे आपल्या हातात आहे.